एलेजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवितेचं नाव ‘एलेजी’ आणि आत शोकाचा मागमूस नाही, असं लॅटिन किंवा जर्मन कविता वाचताना बरेचदा होतं. वाचक गोंधळतो आणि आपल्यालाच कविता कळली नाही असं समजून पुस्तक मिटतो. कविता चांगली असेल तर ते फार मोठं नुकसान आहे. या ग्रीक शब्दाने अडीच हजारांहून जास्त वर्षांत अनेक भाषांत मुक्काम केला आणि प्रत्येक मुक्कामात त्याचं काम थोडं पालटलं. ते कसं पालटलं एवढं माहीत असलं की या कविता मोकळ्या होतात. म्हणून ही प्रश्नोत्तरं.

एलेजी म्हणजे शोकगीत, एवढंच ना?

आजच्या इंग्रजीत बहुतेक वेळा तेवढंच. मुळात मात्र तसं नव्हतं. प्राचीन ग्रीसमध्ये एलेजी ही छंदावरून ओळखली जाई, विषयावरून नव्हे. आपल्याकडे ओवी जशी जात्यावरही येते, माहेरच्या आठवणीतही येते आणि ज्ञानेश्वरीत तत्त्वज्ञानही सांगते, तसा हा दोन ओळींचा छंद युद्ध, राजकारण, मद्य, प्रेम, मरण यांपैकी कशासाठीही वापरला जाई. शोक हा त्याच्या अनेक विषयांपैकी एक.

या छंदाची बांधणी कशी असते?

मराठी वाचकाला हे समजायला इंग्रजी वाचकापेक्षा सोपं जातं. ग्रीक आणि लॅटिन छंद आपल्या वृत्तांसारखेच लघू-गुरूवर उभे आहेत, आघातावर नाहीत.

पहिली ओळ सहा गणांची. प्रत्येक गण चार मात्रांचा: एक गुरू आणि दोन लघू, किंवा दोन गुरू. म्हणजे ओळ चोवीस मात्रांची. हिला हेक्झामीटर म्हणतात. होमरची महाकाव्यं सबंध याच ओळीत आहेत. दुसरी ओळ आखूड, वीस मात्रांची, आणि बरोबर मध्यावर तुटलेली. दोन गण आणि एक सुटा गुरू, मग विराम, मग पुन्हा दोन गण आणि एक सुटा गुरू. अडीच अधिक अडीच असा हिशेब करून तिला पेंटामीटर, म्हणजे पाच मापांची ओळ, असं नाव मिळालं. पहिल्या अर्ध्या भागात दोन लघूंच्या जागी गुरू चालतो. दुसऱ्या अर्ध्यात चालत नाही, तिथे गुरू-लघू-लघू हाच क्रम ठेवावा लागतो.

ऐकताना याचा परिणाम असा होतो की पहिली ओळ धावत जाते आणि दुसरी मध्येच श्वास घेऊन खाली उतरते. शिलर या जर्मन कवीने हीच गोष्ट याच छंदातल्या दोन ओळींत सांगितली आहे: हेक्झामीटरमध्ये कारंज्याचा स्तंभ वर चढतो, पेंटामीटरमध्ये तो गात गात खाली येतो. छंदाचं यापेक्षा नेमकं वर्णन माझ्या वाचनात नाही.

हा शब्द आला कुठून?

ग्रीक ‘एलेगोस’ म्हणजे विलापाचं गाणं. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात युरिपिडीस हा शब्द याच अर्थाने वापरतो. त्यावरून दोन ओळींच्या जोडीला ‘एलेगेइऑन’ आणि त्या छंदातल्या कवितेला ‘एलेगेइआ’ म्हणू लागले. ‘ए ए’ असा हुंदका आणि ‘लेगेइन’, म्हणजे बोलणं, यांतून शब्द बनला अशी व्युत्पत्ती प्राचीन पंडित सांगत. ऐकायला ती गोड आहे, पण आज कुणी मानत नाही. आर्मेनियन भाषेत ‘एलेग्न’ म्हणजे वेळू. त्यावरून हा शब्द मुळात आशिया मायनरकडचा आणि बासरीसारख्या वाद्याशी जोडलेला असावा असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तर्काला आधार एवढाच की या कविता ‘आउलोस’ नावाच्या दोन नळ्यांच्या वाद्याच्या साथीने गायल्या जात.

पाउसानिअस या प्रवासी लेखकाने एक हकीकत नोंदवली आहे. डेल्फीच्या पिथियन खेळांत इसवी सनपूर्व ५८६ साली आउलोसच्या साथीने गाण्याची स्पर्धा झाली आणि ती एखेम्ब्रोटस नावाच्या गायकाने जिंकली. पण हे गाणं फार उदास, अशुभ वाटतं म्हणून पुढे ती स्पर्धाच बंद करण्यात आली. म्हणजे शोकाशी नातं जुनं आहे यात शंका नाही. फक्त आपल्यापर्यंत पोचलेल्या सर्वांत जुन्या एलेजींत ते क्वचितच दिसतं.

हा छंद पहिल्यांदा कुणी रचला हे प्राचीनांनाही ठाऊक नव्हतं. होरेस लिहितो की यावर व्याकरणकारांचं भांडण चालू आहे आणि खटला अजून न्यायाधीशापुढे आहे. तो आजही तिथेच आहे.

मग ग्रीक कवी त्यात लिहीत तरी काय?

आर्किलोकस सांगतो की लढाईत माझी उत्तम ढाल मी झुडपापाशी टाकून आलो, आता ती शत्रूकडे आहे. पण जीव वाचला, ढाल दुसरी घेईन. टायर्टिअस याच छंदात स्पार्टाच्या सैनिकांना उलट सांगतो, की पुढच्या रांगेत उभं राहून मरणं हेच सुंदर. मिम्नर्मस तारुण्य किती लवकर सरतं यावर लिहितो. अथेन्सचा कायदे करणारा सोलोन याच छंदात आपल्या शहराला राजकारणाचे धडे देतो. थिओग्निसच्या नावावर सुमारे १४०० ओळी आहेत आणि त्यांत मुख्यतः एका तरुणाला केलेला उपदेश आहे.

थडग्यावरच्या लेखांसाठीही हीच जोडओळ वापरत. इसवी सनपूर्व ४८० मध्ये थर्मोपिलाईच्या खिंडीत पडलेल्या स्पार्टन वीरांचा लेख असाच दोन ओळींचा आहे: वाटसरू, आमच्या लोकांना जाऊन सांग की त्यांच्या आज्ञेत राहून आम्ही इथे पडलो आहोत. तो सायमनिडीसने लिहिला असं परंपरेने मानतात. मला वाटतं, शोकाच्या अर्थाने हा शब्द पुढे टिकला त्यात अशा शिलालेखांचा वाटा मोठा असावा. दगडावर जागा थोडी, म्हणून दोन ओळी. आणि दुसरी ओळ आपोआप खाली उतरणारी.

प्रेमाशी एलेजीचा संबंध कसा आला?

रोममुळे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात रोमन कवींनी हा छंद जवळजवळ प्रेमाच्या मालकीचा केला. कॅटलसने वाट दाखवली. त्याच्या एका कवितेत तो समुद्र ओलांडून ट्रॉयजवळ भावाच्या थडग्यापाशी जातो आणि मुक्या राखेशी बोलतो. दुसरी कविता फक्त दोन ओळींची: मी तिचा द्वेष करतो आणि तिच्यावर प्रेम करतो. दोन्हींचा छंद एकच.

त्याच्यानंतर गॅलस, टिब्यूलस, प्रोपर्शिअस आणि ओव्हिड. क्विंटिलिअन हा वक्तृत्वाचा शिक्षक अभिमानाने म्हणतो की एलेजीत आम्ही ग्रीकांशीही स्पर्धा करतो, आणि हीच चार नावं घेतो. गॅलसची कविता जवळजवळ सगळी नाहीशी झाली. १९७८ मध्ये इजिप्तमधल्या कस्र इब्रिम इथे एका पपायरसच्या तुकड्यावर त्याच्या काही ओळी सापडल्या, एवढंच. या कवींचं जग ठरलेलं आहे: बंद दारापाशी रात्रभर बसलेला प्रियकर, लहरी प्रेयसी, आणि सैन्यात जाऊन नाव कमावण्यापेक्षा प्रेमाची चाकरी बरी असं सांगणारा कवी. ऑगस्टसच्या करारी रोममध्ये असं लिहायला धाडस लागत होतं.

ओव्हिडबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण एलेजी म्हणजे काय हे त्याच्याइतकं मजेत आणि मनापासून कुणी सांगितलं नाही. प्रेमकवितांच्या पहिल्याच कवितेत तो म्हणतो की मी शस्त्रांचं महाकाव्य लिहायला बसलो होतो, दोन्ही ओळी सारख्या होत्या. मदन हसला आणि त्याने दुसऱ्या ओळीतला एक पाय चोरला. लॅटिनमध्येही छंदाच्या मापाला ‘पाय’च म्हणतात. पुढे तिसऱ्या भागात एलेजी स्वतः स्त्रीरूपात रानात त्याच्यासमोर येते. केसांना सुगंध आहे, पातळ वस्त्र आहे, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब. पायातलं तेच वैगुण्य तिचं सौंदर्य होतं, असं ओव्हिड म्हणतो. मग टिब्यूलस इसवी सनपूर्व १९ मध्ये वारला तेव्हा तो याच स्त्रीला केस मोकळे सोडून रडायला सांगतो, कारण आता तुझं नाव खरं ठरलं.

त्याच ओव्हिडला इसवी सन ८ मध्ये ऑगस्टसने काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला, म्हणजे आजच्या रुमेनियातल्या कोन्स्तान्त्सा शहरात, हद्दपार केलं. तिथून त्याने रोमला पाठवलेल्या दुःखाच्या कविताही याच जोडओळींत आहेत. एका माणसाच्या हयातीत छंद प्रेमातून शोकात आला.

युरोपच्या आजच्या भाषांत हा शब्द कसा दिसतो?

ग्रीक ‘एलेगेइआ’वरून लॅटिन ‘एलेगीआ’, आणि तिथून सगळीकडे. इटालियनमध्ये ‘एलेजीआ’, स्पॅनिशमध्ये ‘एलेखीआ’, पोर्तुगीजमध्ये ‘एलेझीआ’, फ्रेंचमध्ये ‘एलेझी’, जर्मनमध्ये ‘एलेगी’, पोलिशमध्ये ‘एलेग्या’, रशियनमध्ये ‘एलेगिया’, इंग्रजीत ‘एलेजी’. उच्चारातला फरक मुख्यतः मधल्या एका व्यंजनाचा आहे. अर्थातला फरक त्याहून मोठा आहे: कुणी छंद घेतला, कुणी प्रेम, कुणी शोक, कुणी नुसती उदास मनःस्थिती.

फ्रेंचांनी शोक आणि प्रेम दोन्ही घेतलं आणि नियमात बसवलं. १६७४ मध्ये ब्वालोने काव्यशास्त्रावर जे पद्य लिहिलं त्यात एलेजी शोकाची लांब वस्त्रं नेसून, केस सोडून शवपेटीवर रडते. लगेच पुढे तीच प्रेमिकांचे आनंद आणि रुसवेही रंगवते. पहिलं चित्र सरळ ओव्हिडच्या घरातून आलेलं आहे.

इटली, स्पेन, पोर्तुगालमधल्या एलेजी तीन-तीन ओळींच्या का असतात?

कारण या भाषांत लघू-गुरूचा जुना छंद रुजला नाही, आणि त्याजागी इटालियन कवी दान्तेची साखळी हाताशी होती. तीन ओळींचं कडवं, पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचं यमक एक, मधल्या ओळीचं यमक पुढच्या कडव्यात उचललेलं. एक कडवं दुसऱ्याचा हात धरून चालतं. लांबलचक आठवण सांगायला ही बांधणी फार सोयीची आहे.

या परंपरेतली एक कविता गोव्याशी जोडलेली आहे आणि ती मराठी वाचकांत इतकी कमी माहीत असावी याची मला रुखरुख आहे. लुईश द कामोइंश हा पोर्तुगालचा सर्वांत मोठा कवी १५५३ मध्ये लिस्बनहून निघून गोव्याला आला. त्या प्रवासावर त्याची एक एलेजी आहे. तिची सुरुवात सायमनिडीसपासून होते, त्याच थर्मोपिलाईच्या लेखावाल्या सायमनिडीसपासून. तो थेमिस्टोक्लीसला म्हणतो, मी तुला सगळं लक्षात ठेवण्याची कला शिकवतो. थेमिस्टोक्लीस उत्तर देतो, त्यापेक्षा विसरण्याची शिकव. आणि मग कामोइंश आपल्यावर येतो: घर सोडून आलेल्या माणसाला स्मरणशक्तीचा उपयोग काय? लिस्बनचा निरोप, केप ऑफ गुड होपजवळचं वादळ, मग गोव्याची भूमी, आणि लगेच मलबारकडे निघालेली लष्करी मोहीम, असं सगळं त्या साखळीत येतं. गोव्याचं वर्णन तो दोन ओळींत करतो: हवीहवीशी वाटलेली ही दूरची भूमी, प्रत्येक गरीब सज्जनाचं थडगं. साम्राज्याचं महाकाव्य लिहिणाऱ्या कवीने आधी हे लिहून ठेवलं आहे.

स्पेनमध्ये हीच तीन ओळींची चाल विसाव्या शतकापर्यंत जिवंत राहिली. मिगेल एर्नान्देसचा मित्र रामोन सिखे १९३५ च्या डिसेंबरात अचानक गेला. त्याच्यावरच्या एलेजीत, जी १९३६ मध्ये संग्रहात आली, तू ज्या जमिनीत आहेस तिचा मला रडत रडत माळी व्हायचं आहे अशी सुरुवात आहे, आणि पुढे माती दातांनी उकरून मित्राला बाहेर काढण्याची भाषा आहे. दान्तेच्या शिस्तीत बसवलेला इतका उघडा आक्रोश दुसरा सहसा सापडत नाही.

गटेच्या ‘रोमन एलेजी’त कुणीच मरत नाही. मग नाव असं का?

कारण गटेने रोमन कवींकडून छंद आणि प्रेम या दोन्ही गोष्टी घेतल्या, आणि शोक तिथेच ठेवला. १७८६ ते १७८८ तो इटलीत होता. परत आल्यावर वायमारमध्ये क्रिस्टिआने वुल्पिउसबरोबर त्याचं सहजीवन सुरू झालं. त्या दिवसांतल्या या कविता आहेत. पाचव्या कवितेत प्रेयसी त्याच्या मिठीत झोपली आहे आणि तो तिच्या पाठीवर बोटांनी हेक्झामीटरची मापं मोजतो आहे. छंद आणि देह यांची अशी सांगड घालणारी कविता ज्याने वाचली तो एलेजीला पुन्हा नुसतं शोकगीत म्हणणार नाही. १७९५ मध्ये शिलरच्या मासिकात यांतल्या २० छापल्या गेल्या आणि वायमारच्या सभ्य मंडळींनी नाकं मुरडली. चार तर छापल्याच नव्हत्या.

जर्मन भाषेत लघू-गुरूऐवजी आघात वापरून ही जोडओळ खरोखर उभी राहिली. होल्डरलिनने तिच्यात ग्रीसच्या निघून गेलेल्या देवांना हाक मारली. शिलरने आणखी एक पाऊल टाकलं: १७९५-९६ च्या प्रसिद्ध निबंधात त्याने एलेजी ही भावण्याची एक रीत मानली. आदर्श हरवला आहे आणि कवी त्याच्याकडे ओढीने पाहतो आहे, असं जिथे असेल ते सगळं एलेजीचं, मग छंद कोणताही असो. मला हे मत फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्याविना रिल्केच्या दहा एलेजी समजत नाहीत. १९१२ मध्ये एड्रियाटिक समुद्राकाठच्या दुइनो किल्ल्यात सुरू झालेल्या आणि १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पुऱ्या झालेल्या त्या कवितांत ना नियमित जोडओळ आहे, ना एका ठराविक माणसाचं मरण. तरी त्या एलेजी आहेत, शिलरच्या अर्थाने.

इंग्रजीत शोकाचाच अर्थ कसा पक्का झाला?

हळूहळू. जॉन डनने सोळाव्या शतकाच्या शेवटी ज्या एलेजी लिहिल्या त्या ओव्हिडच्या वळणाच्या, पुष्कळशा धीट प्रेमकविता आहेत. पण त्याच काळात मृत्यूनंतर लिहिलेल्या पद्यालाही एलेजी म्हणत होते, आणि पुढे हा दुसरा अर्थ जिंकला.

इथे एक गंमतीदार गुंता आहे. इंग्रजीतल्या थोर एलेजी मेंढपाळांच्या वेषातल्या आहेत. मिल्टनने १६३७ मध्ये समुद्रात बुडालेल्या सहाध्यायी एडवर्ड किंगवर लिहिलं, शेलीने १८२१ मध्ये कीट्सवर. या दोघांचे पूर्वज थिओक्रिटस, बायॉन आणि बायॉनवर विलाप करणारा ग्रीक कवी. ते सगळे सरळ हेक्झामीटरमध्ये लिहिणारे. म्हणजे ग्रीकांच्या लेखी त्या एलेजी नव्हत्याच! मिल्टनला याची जाण असावी; त्याने स्वतःच्या कवितेला ‘मोनोडी’, एकट्याने म्हणायचं गाणं, असं म्हटलं आहे.

मग १७५१ मध्ये टॉमस ग्रेची खेड्यातल्या दफनभूमीवरची १२८ ओळींची कविता आली. दिवस मावळतो, गुरं परततात, आणि कवी अशा माणसांचा विचार करतो ज्यांची नावं कुणालाही ठाऊक नाहीत. ठराविक कुणी मेलेलं नाही. शोक सगळ्यांचा आहे. ही कविता इतकी लोकप्रिय झाली की तिच्या चार ओळींच्या कडव्यालाच ‘एलेजीचं कडवं’ असं नाव पडलं. टेनिसनने १८३३ मध्ये गेलेल्या मित्रासाठी सतरा वर्षं लिहून १८५० मध्ये जे दीर्घकाव्य छापलं, त्याचंही कडवं चारच ओळींचं, पण यमकांची रचना वेगळी.

आणि रशियनमध्ये?

ग्रेच्याच कवितेतून. वासिली झुकोव्स्कीने १८०२ मध्ये तिचं भाषांतर केलं आणि रशियन रोमँटिक कविता तिथून सुरू झाली असं मानतात. १८३९ मध्ये त्याने तीच कविता पुन्हा भाषांतरित केली, या वेळी हेक्झामीटरमध्ये. रशियन एलेजीला मृत व्यक्ती लागत नाही. गेलेलं तारुण्य, संध्याकाळ, थकलेलं मन एवढं पुरतं. १८२४ पर्यंत अशा कवितांचा इतका सुकाळ झाला की क्यूखेलबेकरने लेख लिहून त्यांच्या एकसुरीपणावर कडक टीका केली. पुश्किनने मात्र १८३० मध्ये चौदा ओळींची एक एलेजी लिहून दाखवून दिलं की याच जुन्या साच्यात विचार करण्यासाठी आणि सोसण्यासाठी जगायचं आहे असं ठामपणे म्हणता येतं.

एलेजी आणि युलजी एकच का?

नाही. युलजीचं मूळही ग्रीक आहे, पण ती स्तुती. अंत्यविधीच्या वेळी गेलेल्या माणसाबद्दल केलेलं चांगलं भाषण. एपिटाफ म्हणजे थडग्यावरचा लेख. थ्रेनोडी हा ‘थ्रेनोस’ या ग्रीक शब्दावरून आलेला खरा आक्रोश. पोलिशमध्ये त्यालाच ‘ट्रेन’ म्हणतात. यान कोखानोव्स्कीने आपली चिमुकली मुलगी उर्शुला गेल्यावर १५८० मध्ये १९ ट्रेन छापले आणि एलेजी हे नाव आपल्या लॅटिन कवितांसाठी राखलं. डर्ज हा शब्द तर लॅटिन प्रार्थनेच्या ‘दिरिगे’ या पहिल्या शब्दावरून आला.

संगीतातही एलेजी असते ना?

असते, आणि ती जवळजवळ नेहमी उदास असते. गाब्रिएल फोरेची चेलोसाठीची रचना सर्वांत परिचित. संगीताने शब्दाचा इंग्रजी-रशियन अर्थ घेतला, रोमन नव्हे.

मराठीत ‘विलापिका’ म्हणावं का?

इंग्रजी परंपरेतल्या कवितेला जरूर म्हणावं. शब्द चांगला आहे आणि रुळलेला आहे. ओव्हिड, गटे, रिल्के यांच्याबाबतीत ‘एलेजी’ असंच लिहावं, नाहीतर वाचक पहिल्या पानापासून अश्रू शोधत बसतो.

आपल्या परंपरेत याच्या जवळचं काय आहे?

संस्कृतात एक विलक्षण साम्य आहे. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात इंदुमतीसाठी अजाचा विलाप आणि ‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गात मदनासाठी रतीचा विलाप लिहिला, आणि दोन्हींसाठी वियोगिनी हे वृत्त निवडलं. हे अर्धसमवृत्त आहे: विषम चरण दहा अक्षरांचा, सम चरण अकरा अक्षरांचा. ‘गृहिणी सचिवः सखी मिथः / प्रियशिष्या ललिते कलाविधौ’ म्हणून पाहा. पहिला चरण चौदा मात्रांत संपतो, दुसरा सोळा मात्रांपर्यंत जातो. ग्रीक जोडीत आधी लांब मग आखूड, इथे आधी आखूड मग लांब. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी मुळीच म्हणत नाही. पण दोन वेगळ्या काव्यपरंपरांना विलापासाठी असमान ओळी जवळच्या वाटल्या, हे खरं आहे आणि मला त्यावर विचार करत राहावंसं वाटतं.

मराठीत नामदेवांनी ज्ञानेश्वरांच्या समाधीवर जे अभंग लिहिले, त्यांत निरोप देणाऱ्या सगळ्या मंडळींचं दुःख आहे. आधुनिक काळात पालग्रेव्हचा १८६१ चा इंग्रजी काव्यसंग्रह आपल्या कवींच्या हाती आला. त्यात मिल्टन आणि ग्रे दोघांच्याही एलेजी होत्या. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ मध्ये मात्र इंग्रजी एलेजीचा एकही साचा नाही. मूल गेलं आहे, लोक न्यायला आले आहेत, आणि आई म्हणते आहे की गडबड करू नका, तो निजला आहे. इंग्रजी एलेजी बहुधा मरण मान्य करण्याकडे चालत जाते. ही कविता मान्य करायला नकार देते आणि तिथेच उभी राहते. इंदिरा संतांच्या पतीच्या निधनानंतरच्या कविताही अशाच. त्यांत आक्रोश नाही, पुन्हापुन्हा समोर येणारी रिकामी जागा आहे. त्यांना विलापिका म्हणताना माझी जीभ अडते, शिलरच्या अर्थाने एलेजी म्हणताना अडत नाही.

अजून कुणी एलेजी लिहितं का?

लिहितात. ऑडनने १९३९ मध्ये येट्सवर लिहिलेल्या कवितेत गेलेल्या कवीला त्याचे दोषही सांगितले. ब्रेख्टने १९५३ च्या उन्हाळ्यात, पूर्व जर्मनीतल्या कामगारांच्या उठावानंतर, बुको गावात राहून अगदी छोट्या एलेजी लिहिल्या. काही जेमतेम सहा-सात ओळींच्या, आणि राजकारणाने भरलेल्या. म्हणजे सोलोनच्या जवळच्या.

वाचायला सुरुवात कुठून करू?

कॅटलसच्या दोन ओळींपासून. भाषांतराआधी मूळ लॅटिन मोठ्याने वाचा, अर्थ नंतर पाहा:

ओदी एत आमो. क्वारे इद फाकिआम, फोर्तास्से रेक्विरिस?
नेस्किओ, सेद फिएरी सेन्तिओ एत एक्सक्रुकिओर.

द्वेष करतो आणि प्रेम करतो. असं का, म्हणून कदाचित विचारशील. माहीत नाही, पण होतं आहे हे जाणवतं, आणि यातना होतात. त्यानंतर त्याचीच भावावरची कविता, मग ओव्हिडची लंगडणारी एलेजी, मग गटेची पाचवी, मग ग्रे. कामोइंश आणि एर्नान्देस पाठोपाठ वाचले तर तीन ओळींची साखळी कानात बसते. रिल्के शेवटी ठेवा. आणि लॅटिन म्हणताना पहिल्या ओळीनंतर फार रेंगाळू नका. थांबायचं ते दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, इथे ‘फिएरी’च्या पुढे.